हाडांची आठवड्याची गोळी आणि पोटाच्या तक्रारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेर तालुक्यातल्या एका गावात माझं मेडिकल आहे. बावीस वर्षं काउंटरमागे उभी आहे. "ताई, गोयी खादी का छातीमा आग व्हस," असं सांगणारी एखादी तरी आजी महिन्याला येतेच. पण सांगणाऱ्या थोड्या. बाकीच्या कोणाला न विचारता गोळी बंद करतात. माझ्या सासूबाईंनीही तेच केलं होतं. मनगट मोडल्यावर सुरू झालेल्या गोळ्यांच्या चार अख्ख्या स्ट्रिप मला कुरडयांच्या डब्यात, फडक्याखाली सापडल्या. मी स्वतः फार्मासिस्ट, आणि घरातल्या माणसाच्या पोटात काय चाललंय ते मला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून लोकांचे प्रश्न वहीत लिहून ठेवते.

मी डॉक्टर नाही. गोळी सुरू करणं, बदलणं, कायमची बंद करणं हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. त्यांच्यासमोर नीट बोलता यावं, एवढ्यासाठी ही उत्तरं.

ही गोळी कॅल्शियमचीच ना?

नाही, आणि बरेचसे घोळ याच गैरसमजातून होतात. ठिसूळ हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी बहुधा अ‍ॅलेंड्रोनेट (७० मिलिग्रॅम) किंवा रिसेड्रोनेट (३५ मिलिग्रॅम) असते. महिन्यातून एकदा घेतात ती आयबँड्रोनेट (१५० मिलिग्रॅम). या साऱ्यांना मिळून बिसफॉस्फोनेट म्हणतात. आपलं हाड सतत झिजत असतं आणि सतत भरत असतं. पाळी गेल्यावर झीज वाढते, भर मागे पडते. ही औषधं हाडाला चिकटून बसतात आणि हाड पोखरणाऱ्या पेशींना आवरतात. कॅल्शियम म्हणजे भिंतीच्या विटा, तर ही गोळी भिंत पोखरणाऱ्याला थांबवणारी. विटाही लागतात, पण दोन्ही एकाच वेळी गिळायच्या नाहीत. का, ते पुढे येईल.

आणखी एक घोळ. ६०,००० युनिटचं ड जीवनसत्त्वाचं पाकीट किंवा कॅप्सूलही आठवड्यालाच असतं. ते दुधातून किंवा जेवणावर घ्यायचं, आणि ही गोळी निरंकार पोटी साध्या पाण्याबरोबर. दोन्हींची रीत उलटीपालटी केलेल्या कितीतरी जणी मी पाहिल्यात. दोन्हींसाठी वेगवेगळे वार ठरवा.

एवढीशी गोळी, मग एवढी जळजळ का?

कारण ती जिथं टेकते तिथलं नाजूक अस्तर खरवडते. पोटात लवकर उतरली तर सहसा काही होत नाही. अन्ननलिकेत अडकली, किंवा पोटातून पुन्हा वर आली, तर मात्र तिथं दाह होतो, कधी जखमही होते. अमेरिकेत अ‍ॅलेंड्रोनेटला १९९५ साली मंजुरी मिळाली, आणि १९९६ मध्येच अन्ननलिकेला जखमा झालेल्या रुग्णांची माहिती छापून आली. त्यातल्या अनेकांनी गोळी अगदी थोड्या पाण्याबरोबर घेतली होती, नाहीतर घेऊन लगेच आडवे झाले होते. आज गोळीच्या पाकिटावर जे नियम लिहिलेले असतात त्यांच्यामागे तो अनुभव आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच वर्षी छापलेल्या एका मोठ्या चाचणीत मणका आधीच दबलेल्या २,०२७ स्त्रिया होत्या. निम्म्यांना खरी गोळी दिली, निम्म्यांना औषध नसलेली. पोटाच्या तक्रारी दोन्ही गटांत जवळपास सारख्याच निघाल्या. पोटाचे मोठे दुखणे असलेल्या स्त्रियांना त्या चाचणीत घेतलं नव्हतं, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही एवढं नक्की कळतं की या वयात जळजळ तशीही बऱ्याच जणींना असते. गोळी चालू असताना झालेली प्रत्येक जळजळ गोळीचीच असेल असं नाही.

घ्यायची नेमकी रीत काय?

सासूबाईंचं सांगते. पहाटे पाचला जाग यायची. उशाशी तांब्या असायचाच. अंथरुणातच अर्धवट उठून बसायच्या, गोळी तोंडात टाकायच्या, दोन घोट पाणी प्यायच्या आणि पुन्हा कलंडायच्या. सहाला चहा. एका सकाळी मी मुद्दाम जागी राहून पाहिलं म्हणून कळलं, नाहीतर "घेते ना बरोबर" हेच उत्तर मिळत होतं. जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या सगळ्या त्या चार मिनिटांत होत होत्या.

आता त्या आधी उठतात, तोंड धुतात, अंगणात खुर्ची टाकतात. मोठा पेला भरून पाणी घेतात, म्हणजे दोनशे मिलीलिटरच्या आसपास. आधी एक घोट घसा ओला करायला, मग गोळी अख्खी, मग उरलेलं सगळं पाणी. गोळी चावायची नाही, चघळायची नाही, फोडून पूडही करायची नाही. त्यानंतर किमान अर्धा तास बसायचं, उभं राहायचं किंवा चालायचं. महिन्याच्या आयबँड्रोनेटला हाच वेळ एक तासाचा. तुळशीला पाणी घालणं, देवपूजा, निवडणं-टिपणं, सगळं चालतं. मात्र आडवं व्हायचं नाही आणि वाकून झाडायचं नाही. अर्ध्या तासानंतर काहीतरी खायचं, आणि खाईपर्यंत आडवं व्हायचं नाहीच. रात्री झोपताना ही गोळी कधीही घेऊ नये.

कवळी असेल तर गोळी टाळूला चिकटली नाही ना, ते जिभेनं चाचपून पाहा.

अर्धा तास चहाही नाही? एक घोट?

एक घोटही नाही. इथं पोटाच्या त्रासाचा प्रश्न नाही, गोळी वाया जाण्याचा आहे. अगदी रिकाम्या पोटी घेतली तरी अ‍ॅलेंड्रोनेटचा जेमतेम ०.६ टक्का अंगात शोषला जातो. सत्तर मिलिग्रॅममधला अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतली तर त्यातलाही साठ टक्के जातो, आणि अन्नाबरोबर घेतली तर जवळजवळ सगळाच. दूध, दही, कॅल्शियमची गोळी, अ‍ॅसिडिटीचं पांढरं पातळ औषध यांतलं कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम गोळीला पकडून ठेवतं आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात. "त्रास नको म्हणून दुधाबरोबर घेते," असं कोणी म्हणालं की मला फार वाईट वाटतं. त्रास टळतो हे खरं, पण औषधही टळतं, आणि वर्षभरानं तपासणीत हाड तसंच ठिसूळ निघतं.

पाणी कुठलं चालेल? आमच्याकडे बोअरचं आहे.

हा प्रश्न मोठ्या शहरातल्या डॉक्टरांना कोणी विचारत नसेल, पण आपल्याकडे तो अगदी खरा आहे. माठाच्या बाहेर पांढरे डाग धरतात, डाळ शिजायला वेळ घेते, तर ते पाणी जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त आहे. एवढ्या एका पेल्यासाठी फिल्टरचं किंवा जारचं पाणी ठेवा.

सगळं पाळूनही जळजळ होते. आता?

मग गोळी तिथंच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. "सवय होईल" म्हणून ढकलू नका. थांबवणं मात्र गोळीचं, उपचार सोडायचा नाही. या दोहोंत फार अंतर आहे, आणि हे पूर्ण पान लिहायचं कारणही तेच आहे. पोटाला गोळी सोसत नसेल तर दुसरी गोळी आहे, महिन्याची आहे, शिरेतून देण्याचं औषध आहे, कातडीखालचं इंजेक्शन आहे. डॉक्टरांना तुमचा त्रास कळलाच नाही, तर ते बदलणार काय?

जाण्याआधी एक साधी वही करा. गोळी कोणत्या वारी घेतली, त्रास कोणत्या वारी झाला. शनिवारची गोळी आणि शनिवार-रविवारची जळजळ असेल तर संशय गोळीवर. रोजच घशाशी येत असेल तर कारण वेगळं असू शकतं: उशिराचं जेवण, शेवभाजीची तर्री, मिरचीचा ठेचा, तंबाखू, पोटातला हेलिकोबॅक्टर जंतू.

सोबत अ‍ॅसिडिटीचं पॅन्टोप्राझोल घेतलं तर काय बिघडलं?

डॉक्टरांनी ठराविक दिवसांसाठी दिलं असेल तर जरूर घ्या. आपल्या मनानं वर्षानुवर्षं घेऊ नका. आम्ही दुकानदारही ते मागितलं की देऊन टाकतो, ही आमची चूक आहे आणि मी ती मान्य करते. अशी औषधं लांबवर घेणाऱ्यांमध्ये हाडं मोडण्याचं प्रमाण थोडं जास्त आढळलं आहे. शिवाय आम्ल कमी झालं की साधं कॅल्शियम कार्बोनेट नीट शोषलं जात नाही. आणि गोळी अन्ननलिकेत अडकून होणारी जखम पॅन्टोप्राझोलनं टळेल असं नाही. ती पाण्यानं आणि ताठ बसण्यानंच टळते.

गुडघ्याच्या गोळ्या चालू आहेत.

डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या स्वतःच जठराला जखम करणाऱ्या. दोन्ही मिळून धोका वाढतो. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती आपल्या मनानं सोडू नका, पण डॉक्टरांना सांगा. बसस्टँडवर किंवा बाजारात सुट्या मिळणाऱ्या "सांधेदुखीच्या पुड्या" ताबडतोब बंद करा. त्यांत काय असतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

कोणत्या त्रासाला त्याच दिवशी दवाखाना गाठायचा?

गिळताना दुखणं, घास छातीत अडकल्यासारखा वाटणं, छातीच्या मधोमध टोचणं, नव्यानं सुरू झालेली किंवा एकदम वाढलेली जळजळ, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

ही गोळी मुळीच कोणी घेऊ नये?

अन्ननलिका अरुंद झालेली किंवा तिचं आकुंचन बिघडलेलं असेल. अर्धा तास ताठ बसता येत नसेल. रक्तात कॅल्शियम कमी असेल. मूत्रपिंडाचं काम फार मंदावलेलं असेल. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनची रक्ततपासणी सुरुवातीलाच करून घ्या, कारण मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांचं मूत्रपिंड न सांगता खालावतं. ज्यांच्या मणक्याला इतका बाक आलाय की बसता-बसता पुढे झुकतात, त्यांच्याबाबत तर मी घरच्यांना हात जोडून सांगते की इंजेक्शनचं विचारा.

पोट साफ होत नाही, गॅस होतो. हीच गोळी का?

बहुधा रोजची कॅल्शियमची. कार्बोनेट असेल तर जेवणावर घ्या. एकदम हजार मिलिग्रॅम न घेता दोन वेळांत विभागा. तरी जमलं नाही तर सायट्रेट प्रकार विचारा. आणि पाणी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि म्हाताऱ्या बायका वारंवार बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत.

इंजेक्शननं पोटाचा त्रास टळतो?

अन्ननलिकेचा टळतो, कारण औषध त्या वाटेनं जातच नाही. पण प्रत्येकाचं आपलं काही असतंच.

झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा शिरेतून, किमान पंधरा मिनिटं सावकाश. पहिल्या वेळी साधारण तिघींतल्या एकीला दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी, कणकण येते. पुढच्या वर्षी हे खूप कमी होतं. आधी ड जीवनसत्त्व भरून काढलेलं हवं, मूत्रपिंड तपासलेलं हवं, आणि त्या दिवशी भरपूर पाणी प्यायलेलं हवं. उन्हाळ्यात उपाशीतापाशी एसटीनं जाऊन हे औषध घेऊ नका. २००७ साली छापलेल्या चाचणीत तीन वर्षांत मणक्याची मोड ७० टक्के आणि खुब्याची ४१ टक्के कमी झाली होती.

डेनोसुमॅब ६० मिलिग्रॅम, दर सहा महिन्यांनी कातडीखाली. पोटाला सोपं, मूत्रपिंड कमजोर असतानाही देता येतं, मात्र तेव्हा रक्तातल्या कॅल्शियमवर नीट लक्ष ठेवावं लागतं. इथं मी आवाज चढवून सांगते: हे अर्धवट सोडायचं नाही. त्याचा परिणाम हाडात साठून राहत नाही. पुढचं इंजेक्शन चुकलं तर झीज उसळी मारून येते आणि एकापाठोपाठ एक मणके दबू शकतात. थांबवायचंच असेल तर त्याजागी दुसरं औषध ठरवूनच. पुढची दोन-तीन वर्षं खर्च आणि जाणंयेणं झेपेल का, हे पहिल्या इंजेक्शनाआधी घरात बसून बोला.

आयुष्यभर घ्यायची का?

बहुतेकींना नाही. ही गोळी हाडात वर्षानुवर्षं मुक्काम करते. अ‍ॅलेंड्रोनेट हाडातून निम्मं निघून जायलाच सुमारे दहा वर्षं लागतात. म्हणून ठराविक काळ घेऊन थांबता येतं, पुढेही काही काळ थोडं संरक्षण राहतं. साधारण पद्धत अशी: गोळी पाच वर्षं किंवा शिरेतलं औषध तीन वर्षं झाली की थांबून हिशेब करायचा. खुबा किंवा मणका मोडलेला नाही, डेक्सा तपासणीत (हाडाची घनता मोजणारा खास एक्स-रे) खुब्याचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना करून येणारा आकडा) उणे २.५ च्या वर आलाय, तर औषधाला सुट्टी देता येते. मोड झालेली असेल, स्कोअर फार खाली असेल किंवा स्टिरॉइड चालू असेल, तर गोळी दहा वर्षांपर्यंत किंवा शिरेतलं औषध सहा वर्षांपर्यंत चालू ठेवण्याचा विचार होतो.

२००६ साली छापलेल्या एका अभ्यासात पाच वर्षं गोळी घेतलेल्या १,०९९ स्त्रियांपैकी काहींची गोळी थांबवली, काहींची आणखी पाच वर्षं चालू ठेवली. दुखणं घेऊन आलेली मणक्याची मोड थांबवलेल्यांत ५.३ टक्के, चालू ठेवलेल्यांत २.४ टक्के. मणका सोडून इतर हाडांत काहीच फरक नाही, दोन्हीकडे १९ टक्के. म्हणजे मणक्याची भीती ज्यांना जास्त, त्यांनी चालू ठेवण्यात अर्थ आहे.

सुट्टी म्हणजे विसरणं नव्हे. दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासायचं असतं. आणि ही सुट्टीची गोष्ट फक्त बिसफॉस्फोनेटची आहे, डेनोसुमॅबची नाही.

जास्त वर्षं घेतली तर मांडीचं हाड आपोआप मोडतं, असं ऐकलंय.

ऐकलंय ते खरं आहे, पण अर्धंच ऐकलंय. मांडीच्या हाडाला मधोमध आडवी चीर जाण्याचा एक विरळा प्रकार आहे, आणि औषधाची वर्षं वाढतील तशी त्याची शक्यता वाढते. २०२० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सुमारे १,९६,००० स्त्रियांची माहिती छापून आली. त्यांत अशा मोडी २७७ होत्या. तीन वर्षांच्या उपचारांचा दहा हजार स्त्रियांमागे हिशेब मांडला, तेव्हा गोऱ्या स्त्रियांत खुब्याच्या १४९ मोडी टळल्या आणि अशा २ झाल्या. आशियाई वंशाच्या स्त्रियांत ९१ टळल्या आणि ८ झाल्या. म्हणजे आपल्यासारख्यांना हा धोका थोडा जास्त आहे, तरी पारडं फायद्याकडेच झुकतं. गोळी थांबवल्यावर हा धोका झपाट्यानं उतरतो. म्हणूनच पाच वर्षांचा हिशेब टाळू नका.

ओळखायचं कसं? मोडायच्या आधी कित्येक आठवडे मांडीत किंवा जांघेत ठणका लागतो. शेतात काम करणारी बाई त्याला थकवा समजते. या गोळीवर असाल आणि मांडी विनाकारण दुखत असेल, तर दोन्ही मांड्यांचा एक्स-रे मागा.

जबड्याचं हाड उघडं पडण्याचा धोकाही विरळाच आहे. दात काढायचा असेल तर शक्यतो औषध सुरू होण्याआधी काढून घ्या, आणि दातांच्या डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा. मिश्री लावणाऱ्या बायांनी हे विशेष ध्यानात घ्यावं, कारण हिरड्या आधीच खराब असतात.

एखाद्या वारी विसरले तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या आणि पुढच्या आठवड्यापासून मूळ वारावर या. एका दिवशी दोन कधीच नाही. वार असा धरा की तो आपोआप आठवेल. आमच्याकडे बऱ्याच जणींनी गावच्या बाजाराचा वार धरलाय. रविवार धरला असेल आणि श्रावणात कानबाईच्या सणाचा रविवार आला, तर घरातल्या गडबडीत ती हमखास राहते. तेव्हा सोमवारी घ्या. चैत्रात वणीच्या गडाला पायी जाणाऱ्यांनी वाटेत कुठं पाणी मिळेल, कुठं आडवं व्हावं लागेल याचा भरवसा नसतो, तेव्हा एक आठवडा मागे-पुढे झाला तरी चालतं. उपवासाचा दिवस असेल तरी अर्ध्या तासानंतर काहीतरी फराळ घ्या.

नागली, तीळ, दूध खाल्लं तर गोळीशिवाय भागेल का?

हाड मोडून गेलंय किंवा टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली आहे, तर नाही. पण खा जरूर. नागलीत कॅल्शियम भरपूर असतं, तिळातही. मूठभर शेंगदाण्यांपेक्षा मूठभर तीळ बरे. आणि चाला. पडू नये म्हणून बाथरूममध्ये धरायला दांडी लावा. एवढ्या कमी खर्चात खुबा वाचवणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

आईचं वय ८२. आता या वयात कशाला त्रास द्यायचा?

माझी मोठी माय मोरीत घसरून पडली. खुबा मोडला, नंतर ती कधी उभी राहिली नाही. तिच्या वेळी यातलं काही औषध नव्हतं. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण पाचांतलं एक वर्षभरात दगावतं, आणि उरलेल्यांतली पुष्कळ जण परत आपल्या पायांवर पूर्वीसारखी हिंडत नाहीत. औषधाचा फायदा मिळायला वर्ष-दीड वर्ष लागतं. आई हिंडती-फिरती असेल तर ८२ हे वय काही फार नाही. अंथरुणाला खिळलेली असेल, गिळायला त्रास होत असेल, तर गोळीचा हट्ट धरू नये, हे मी डॉक्टरांकडूनही ऐकलंय आणि मलाही पटतं. आईला मात्र विचारा. बहुतेक घरांत निर्णय मुलगा आणि सून घेतात, आणि जिच्या छातीत आग होते तिला कोणी विचारत नाही.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं?

गोळी सुरू केल्याची तारीख, कारण पाच वर्षं कधी होतात ते त्यावरूनच ठरतं. आम्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर लिहिलीय, आणि दर वर्षी नव्या दिनदर्शिकेवर उतरवतो. डेक्साचे जुने-नवे रिपोर्ट. क्रिएटिनिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांचे रिपोर्ट. घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी, गुडघ्याच्या गोळ्या आणि चूर्णांसकट. त्रासाची वही. आणि न घेतलेल्या स्ट्रिप. सासूबाईंच्या त्या चार स्ट्रिप मी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या तेव्हा त्या खाली मान घालून बसल्या होत्या. डॉक्टरांनी स्ट्रिप मोजल्या आणि रागावण्याऐवजी विचारलं, "आजी, गिळताना नेमकं कुठं दुखतं?" सासूबाईंनी छातीच्या मधोमध बोट ठेवलं. अन्ननलिकेत किरकोळ जखम होती. ती भरली, सहा महिन्यांनी रक्त तपासून त्यांना शिरेतलं औषध सुरू झालं. येत्या आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर) तिसरं आहे, आणि त्याच वेळी नवा डेक्सा.